अनामिक फायबरग्लास डिंगीची ओळख: पुरावे, पद्धती आणि अनिर्णित प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

‘डिंगी’ हा शब्द इंग्रजीने भारतीय भाषांकडून घेतला. बंगाली आणि हिंदी मुलखातील नद्यांवर लहान होडीसाठी रूढ असलेला हा शब्द ब्रिटिश नाविकांबरोबर समुद्रापार गेला आणि पुढे एक ते तीन माणसांनी हाकायच्या, वर बंदिस्त खोली नसलेल्या छोट्या शिडाच्या होडीचे ते सर्वसाधारण नाव झाले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम युरोपात अशा डिंग्या फार मोठ्या संख्येने बांधल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक आज क्लबांच्या कुंपणालगत, शेतावरच्या कोठारांत किंवा घरांच्या मागच्या अंगणात नाव, पट्टी किंवा कागदपत्र यांपैकी काहीच शिल्लक नसलेल्या अवस्थेत आढळतात. अशी होडी हाती आली की तिची ओळख पटवण्याची गरज निर्माण होते, कारण डोलकाठीची उंची, शिडाचे क्षेत्रफळ, सुकाणूचा आकार आणि सुटे भाग या सर्व गोष्टी त्या ओळखीवर अवलंबून असतात. शिवाय मिश्र शर्यतीत उतरायचे असल्यास तिच्या प्रकाराला ठरवून दिलेला तुलनांकही माहीत असावा लागतो.

‘ही डिंगी कोणती?’ हा प्रश्न वरवर एकच वाटला तरी त्यात चार वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. तिचा आराखडा कोणाचा आणि ती कोणत्या वर्गातली, हा पहिला प्रश्न होय. येथे ‘वर्ग’ म्हणजे एकाच आराखड्यावर आणि एकाच नियमावलीनुसार बांधलेल्या होड्यांचा समूह. ती प्रत्यक्षात कोणत्या कारखान्यात तयार झाली, हा दुसरा. कोणत्या काळात तयार झाली, हा तिसरा. आणि त्या मालिकेतली नेमकी कितवी होडी ती आहे, हा चौथा. या विषयावरील मतभेदांचा मोठा भाग प्रत्यक्षात मतभेद नसतो. एकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिलेले असते आणि दुसऱ्याने दुसऱ्याचे. म्हणून प्रस्तुत आढाव्यात प्रत्येक प्रकारचा पुरावा या चारांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आणि किती खात्रीने देतो, या निकषावर मांडणी केली आहे.

२. पार्श्वभूमी: लाकडाकडून साच्याकडे

काचेचे तंतू आणि त्यांना बांधून ठेवणारे कृत्रिम राळेसारखे द्रव्य, म्हणजे रेझिन, यांच्या संयोगाला फायबरग्लास म्हणतात. काचतंतूंचे औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९३०च्या दशकात सुरू झाले आणि कमी दाबाखाली घट्ट होणारे पॉलिएस्टर रेझिन त्यानंतर लवकरच उपलब्ध झाले. या साहित्यातून शिडाची डिंगी घडवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांमध्ये ओहायो राज्यातील टोलेडो येथील रे ग्रीन यांच्या १९४२मधील होडीचा उल्लेख सर्वत्र होतो. त्यांच्याच कारखान्यातून १९४८मध्ये आलेली ‘रेबेल’ ही अमेरिकेत फायबरग्लासमध्ये नियमित उत्पादन झालेल्या पहिल्या शर्यती-वर्गांपैकी एक मानली जाते. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकात हे तंत्र पसरू लागले.

ओळखीच्या प्रश्नाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ समजून घेण्यासाठी बांधणीची पद्धत पाहणे आवश्यक आहे. प्रथम होडीच्या बाह्य आकाराचा एक नमुना घडवतात आणि त्यावरून आतून पोकळ साचा काढतात. साच्याच्या आतल्या पृष्ठभागावर मेणासारखा सुटा करणारा लेप देऊन त्यावर जेलकोट, म्हणजे होडीचा सर्वांत बाहेरचा रंगीत आणि चकचकीत थर, चढवतात. त्यानंतर काचतंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून थरावर थर बसवतात आणि सारे घट्ट झाल्यावर कवच साच्यातून बाहेर काढतात. लाकडी होडी प्रत्येक वेळी नव्याने जोडली जाते आणि तिच्यात कारागिराच्या हाताचा फरक राहतो. साच्यातून निघालेली कवचे मात्र एकमेकींची प्रतिरूपे असतात. साच्यावर पडलेला ओरखडाही पुढच्या प्रत्येक कवचावर बारीक उंचवट्याच्या रूपाने उमटतो. त्यामुळे साच्यातली होडी ओळखणे तत्त्वतः सोपे व्हायला हवे होते. व्यवहारात ते तसे झाले नाही, याची कारणे पुढील विभागांत स्पष्ट होतील.

याच काळात डिंग्यांची लोकप्रियता वाढवणारी दुसरी घटना घडत होती. जॅक होल्ट यांनी १९४९मध्ये ‘जीपी १४’ आणि १९५६मध्ये ‘एंटरप्राइज’ यांचे आराखडे दिले, इयन प्रॉक्टर यांनी १९५७मध्ये ‘वेफेअरर’ आखली आणि १९६२मध्ये होल्ट व बॅरी बकनेल यांची ‘मिरर’ एका दैनिकाच्या पुढाकाराने सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचली. या होड्या मुळात प्लायवुडच्या होत्या, कारण हौशी माणसाला घरच्या घरी प्लायवुड कापून जोडता येत होते. यांतील अनेक वर्गांनी पुढे फायबरग्लासलाही परवानगी दिली. परिणामी एकाच आराखड्याच्या लाकडी, फायबरग्लासच्या आणि फायबरग्लासच्या कवचावर लाकडी डेक बसवलेल्या मिश्र होड्या एकाच वेळी अस्तित्वात आल्या. प्रॉक्टर यांनी १९६३मध्ये ब्रिटिश नौदलासाठी आखलेली ‘बोसन’ आणि ब्रूस कर्बी यांची १९७१मध्ये बाजारात आलेली ‘लेझर’ यांचा जन्म मात्र फायबरग्लासमध्येच झाला.

३. क्रमांक आणि पट्ट्या

ओळखीच्या साधनांमध्ये पहिले स्थान क्रमांकाला दिले जाते आणि जेथे तो उपलब्ध असतो तेथे ते योग्यच आहे. अमेरिकेत १९७१च्या नौका-सुरक्षा कायद्याखाली १ नोव्हेंबर १९७२पासून प्रत्येक नव्या होडीवर बारा अक्षर-अंकांचा कवच-क्रमांक असणे बंधनकारक झाले. तो ट्रान्समच्या, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट उभ्या बाजूच्या, उजव्या वरच्या कोपऱ्यात कोरलेला किंवा साच्यातच उठवलेला असतो. त्यातील पहिली तीन अक्षरे उत्पादकाची, पुढील पाच स्थाने त्या होडीच्या अनुक्रमाची आणि शेवटची चार स्थाने काळाची असतात. म्हणजे हा एकच क्रमांक वर सांगितलेल्या चारांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे देतो. आराखड्याचा प्रश्न मात्र तो सहसा थेट सोडवत नाही.

काळाचा भाग वाचताना चूक होण्याचा संभव विशेष असतो. १९८४पूर्वी दोन पद्धती प्रचलित होत्या. एका पद्धतीत महिना आणि वर्ष सरळ अंकांत लिहिले जात, तर दुसऱ्या पद्धतीत ‘एम’ हे अक्षर, त्यानंतर मॉडेल-वर्षाचे दोन अंक आणि शेवटी महिन्याचे अक्षर येत असे. या दुसऱ्या पद्धतीत मॉडेल-वर्ष ऑगस्टपासून मोजत असल्याने ‘ए’ म्हणजे ऑगस्ट. म्हणून ‘एम७५ए’ अशी खूण असलेली होडी १९७५ची नव्हे, तर ऑगस्ट १९७४मधील ठरते. १९८४मध्ये लागू झालेल्या नव्या पद्धतीत ‘ए’ म्हणजे जानेवारी. एकाच अक्षराचा अर्थ असा बदलल्यामुळे पद्धत न ओळखता केलेले वाचन काही महिन्यांनी, काही वेळा वर्षानेही, चुकते. शिवाय बंद पडलेल्या उत्पादकाचे तीन-अक्षरी संकेत पुढे दुसऱ्या उत्पादकाला दिले गेल्याची उदाहरणे असल्यामुळे संकेत आणि काळ एकत्र वाचल्याशिवाय उत्पादकाचे नाव निश्चित करणे सुरक्षित नसते.

युरोपात हे चित्र वेगळे आहे. तेथील क्रीडानौकांविषयीचा सामाईक निर्देश १९९४मध्ये निघाला आणि १६ जून १९९८पासून बंधनकारक झाला. त्याखाली देशाचा संकेत आरंभी असलेला चौदा स्थानांचा क्रमांक आवश्यक ठरला, पण केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या आणि तसे नमूद केलेल्या होड्या त्यातून वगळल्या गेल्या. म्हणून १९६० किंवा १९७०च्या दशकातील ब्रिटिश डिंगीवर असा क्रमांक न सापडणे ही त्रुटी नसून स्वाभाविक स्थिती आहे. त्या काळातील ब्रिटिश उत्पादक स्वतःच्या मर्जीने धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी लावत, आणि ती स्क्रू गंजून किंवा रंगकामाच्या वेळी निघून जाई. वर्गाच्या नियमांमुळे मिळालेला क्रमांक मात्र काही वेळा सेंटरबोर्डच्या पेटीजवळ, म्हणजे पाण्यात खाली सोडायच्या मधल्या पंखाच्या घराजवळ, ट्रान्समवर किंवा डेकखालच्या लाकडात कोरलेला आढळतो. जुन्या लेझरांवर तो पुढच्या डेकवरील कडीखाली असे. रंगाच्या थरांखाली बुजलेला असा क्रमांक तिरप्या प्रकाशात किंवा कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासल्यास पुन्हा दिसू शकतो, आणि म्हणूनच जाणकार मंडळी घासकाम करण्यापूर्वी हा शोध पूर्ण करण्याचा आग्रह धरतात.

४. आकार आणि मोजमाप

क्रमांक नसेल तेव्हा आकाराकडे वळावे लागते आणि या पद्धतीचे समर्थक तिला सर्वांत मूलभूत मानतात, कारण होडीचे बाकी सर्व भाग बदलता येतात, कवचाचा आकार मात्र बदलत नाही. तथापि मोजमापापूर्वी होडी खरोखर फायबरग्लासची आहे की नाही, हे ठरवावे लागते. लाकडी होडीवर संरक्षणासाठी फायबरग्लासचा थर चढवण्याची प्रथा जुनी आहे, आणि मिररसारख्या होड्यांचे प्लायवुडचे सांधे तांब्याच्या तारेने टाचून वर काचतंतूंची पट्टी व रेझिन बसवलेले असतात. अशा होड्या बाहेरून फसवतात. आतल्या बाजूस रंग न दिलेल्या जागी विखुरलेले तंतू दिसले आणि लाकडी फासळ्या नसल्या तर कवच साच्यातले, असे समजण्यास हरकत नाही. पण साच्यातली प्रत्येक होडी फायबरग्लासचीच असते असेही नाही: टॉपर ही प्रॉक्टर यांनीच आखलेली छोटी डिंगी पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे पूर्णपणे वेगळ्या प्लास्टिकची, आहे.

लांबी हे पहिले माप होय. पण नुसती लांबी किती अपुरी असते हे एंटरप्राइज आणि फ्लाइंग ज्युनियर या दोन वर्गांच्या तुलनेत दिसते. दोघींची लांबी सुमारे ४ मीटर ४ सेंटिमीटर आहे. त्याचप्रमाणे जीपी १४ आणि बोसन या दोन्ही १४ फुटी, म्हणजे सुमारे ४.२७ मीटरच्या, तर लेझर आणि ४२० या दोन्ही ४.२० मीटरच्या जवळपास. कडेला नंतर बसवलेली रबरी किंवा लाकडी पट्टी मोजमापात काही सेंटिमीटरांची भर घालते, त्यामुळे फरक आणखी पुसट होतो. येथे एककांचा विचार उपयोगी पडतो: मोजलेली लांबी फुटांत पूर्ण संख्येच्या अगदी जवळ येत असेल, तर आराखडा ब्रिटिश किंवा अमेरिकन परंपरेतला असण्याची शक्यता वाढते, तर ४२०, ४७० आणि ५०५ या वर्गांची नावेच त्यांच्या सेंटिमीटरमधील लांबीवरून आलेली आहेत.

लांबीपेक्षा बोलके असते ते आडव्या छेदाचे रूप. कवचाची बाजू आणि तळ जेथे कोनात मिळतात त्या धारेला चाइन म्हणतात. सपाट प्लायवुड वाकवून बांधलेल्या होडीला अशा धारा असणे अपरिहार्य असते, तर साच्यातल्या होडीला त्यांची बांधणीच्या दृष्टीने गरज नसते. त्यामुळे फायबरग्लासच्या कवचावर स्पष्ट धारा दिसल्या, तर तिचा आराखडा मुळात प्लायवुडसाठी तयार झाला असावा आणि वर्गाच्या नियमांनी आकार न बदलता केवळ साहित्य बदलू दिले असावे, असे अनुमान सबळ ठरते. एंटरप्राइज आणि वेफेअरर यांच्या फायबरग्लास आवृत्त्या याच प्रकारच्या आहेत. उलट अनुमान मात्र तितके सुरक्षित नाही. उफा फॉक्स यांच्या १९४६च्या फायरफ्लायसारख्या होड्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना उष्णता आणि दाब देऊन घडवलेल्या होत्या आणि तरीही गोल पोटाच्या होत्या. म्हणून गोल पोट हे फायबरग्लासमध्येच जन्म झाल्याचे लक्षण ठरत नाही.

नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, टोकदार आहे की मिरर आणि ऑप्टिमिस्टप्रमाणे सपाट कापलेले आहे, सेंटरबोर्ड बिजागरीवर फिरते की सुरीसारखे सरळ वर-खाली सरकते, डोलकाठी डेकवर उभी राहते की तळापर्यंत जाते, ट्रान्समचा कोन किती, आसनाच्या आडव्या फळ्या आणि तरंग-पेट्या, म्हणजे होडी उलटल्यास तिला तरंगत ठेवणारे बंदिस्त कप्पे, कवचाबरोबरच साच्यात काढलेले आहेत की नंतर बसवलेले, या निरीक्षणांची एकत्रित नोंद लांबीच्या साह्याने शक्यतांची यादी झपाट्याने कमी करते. वजनाचा आधार मात्र जपून घ्यावा लागतो. लेझरच्या कवचाचे वजन सुमारे ५९ किलो असले पाहिजे हे ज्ञात आहे, पण आतला फोम पाण्याने भिजलेला असल्यास जुनी होडी त्याहून बरीच जड भरते.

५. शीड, डोलकाठी आणि जोडसामान

सर्वसामान्य मालकाचे लक्ष प्रथम शिडाकडे जाते, कारण त्यावर वर्गाचे चिन्ह असते. जीपी १४च्या शिडावरील घंटा वेल्समधील एबरडोव्हीच्या प्रसिद्ध घंटांच्या गीताची आठवण ठेवते. एंटरप्राइजची शिडे निळी, मिररची लाल. लेझरच्या शिडावर फाकलेल्या किरणांचे चिन्ह. फिन वर्गाच्या शिडावर पाण्याच्या दोन लाटा. चिन्हाखालचा क्रमांक वर्गाच्या संघटनेच्या नोंदीशी ताडता येतो आणि नोंदी जपल्या असतील तर बांधणीचे वर्ष आणि पहिला निर्माताही कळू शकतो.

शिडाच्या पुराव्याविषयी मात्र जाणकारांमध्ये सावधगिरीचा सूर प्रबळ आहे. शीड हा होडीतला सर्वांत सहज बदलणारा भाग असून क्लबात पडलेले दुसऱ्या होडीचे शीड नव्या मालकाने तिच्यावर चढवणे हा नित्याचा प्रकार आहे. तेव्हा चिन्ह आणि आकार जुळत असतील तर चिन्हाने ओळख पक्की होते. विसंगत असतील तर आकाराला प्राधान्य द्यावे, अशी भूमिका बहुतेक अनुभवी पुनर्बांधणीकार घेतात. शिडाच्या कापडावरून काळाची ढोबळ मर्यादा कळते, कारण सुती कापडाची जागा १९५०च्या दशकापासून टेरिलिन आणि डॅक्रॉन या नावांनी विकल्या गेलेल्या पॉलिएस्टर कापडाने घेतली. पण ती मर्यादा शिडाची असते, होडीची नव्हे.

डोलकाठीवरील निर्मात्याच्या पट्टीचे आणि कप्प्या, क्लीट यांसारख्या जोडसामानाचे तसेच आहे. त्यांवरून सामान कधीचे आहे हे ठरते, पण होडी त्याच काळातली असावी असा अर्थ त्यातून निघत नाही. अमेरिकेतील सनफिश वर्गाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. १९७०च्या दशकाच्या आरंभी या होडीच्या सुकाणूची जोडणी बदलली, त्यामुळे जुनी जोडणी दिसल्यास होडी त्यापूर्वीची असे सांगता येते. परंतु नवी जोडणी जुन्या होडीवर बसवता येत असल्याने नव्या जोडणीवरून होडी नंतरची आहे असे म्हणता येत नाही. जोडसामानाचा पुरावा बहुधा असा एकाच दिशेने चालतो, आणि तो दोन्ही दिशांनी वापरल्यास निष्कर्ष फसतात.

६. साचे, नकला आणि ‘निर्माता’ या शब्दाचा अर्थ

साच्यातली होडी ओळखणे सोपे व्हायला हवे होते असे वर म्हटले. ते न होण्याचे मुख्य कारण साचा हीच विकता येणारी आणि नक्कल करता येणारी वस्तू आहे, हे होय. एखादा कारखाना बंद पडला की त्याचे साचे दुसऱ्याकडे जात आणि त्याच कवचाला नवे नाव मिळे. सनफिशचे उत्पादन ॲल्कोर्टकडून १९६९मध्ये एएमएफ या मोठ्या कंपनीकडे आणि पुढे पिअर्सन, व्हॅनगार्ड आणि लेझरपरफॉर्मन्स यांच्याकडे गेले, तरी होडी सनफिशच राहिली. उलट लेझरच्या बाबतीत निर्माता-करार आणि व्यापारचिन्ह यांच्या वादातून २०१९पासून वर्गसंघटनेने मान्य केलेल्या होड्या ‘आयएलसीए’ या नावाने येऊ लागल्या. म्हणजे होडी तीच, पण नाव बदलले.

परवानगीविना नक्कल करणे हा याहून अवघड प्रकार आहे. तयार होडीलाच नमुना मानून तिच्यावरून साचा काढला की आराखड्याचा खर्च न करता तशीच होडी बनवता येते. फ्लोरिडा राज्याने १९८३मध्ये अशा थेट साचेबंद नकलेवर बंदी घातली. पण बोनिटो बोट्स विरुद्ध थंडर क्राफ्ट बोट्स या मोटरबोटींविषयीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये तो राज्य कायदा संघराज्याच्या पेटंट-धोरणाशी विसंगत म्हणून रद्द ठरवला. त्यानंतर १९९८मध्ये संघराज्याने कवचाच्या आराखड्याला दहा वर्षांचे स्वतंत्र संरक्षण दिले. ओळखीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की १९५०च्या दशकापासून पुढची कित्येक दशके एकमेकींसारखी दिसणारी कवचे वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांतून निघत होती आणि त्यांचा मूळ आराखडा एक असला तरी निर्माता एक नव्हता. त्यातच काही वर्गांची नुसती कवचे विकली जात आणि डेक, आसने व जोडसामान मालक घरी बसवत असे. अशा होडीचा निर्माता कारखाना की मालक, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही.

७. ओळख कितपत आवश्यक आहे: तीन भूमिका

या विषयात मुख्यतः तीन भूमिका आढळतात. पहिली भूमिका व्यावहारिक आहे. तिच्या मते होडीची लांबी, रुंदी, डोलकाठीच्या पायाची जागा आणि सेंटरबोर्डची स्थिती मोजली की समतोल साधणारे शीड ठरवता येते, मग तिचे नाव कळले नाही तरी ती चालवण्यात अडचण राहत नाही. शिडावरील वाऱ्याचा दाबबिंदू आणि पाण्याखालच्या पंखाचा प्रतिकारबिंदू यांचे नाते योग्य असेल तर होडी सुकाणूला ऐकते, हे नौकाशास्त्राचे तत्त्व नाव विचारत नाही. अननुभवी मालकाने वर्षानुवर्षे नावाच्या शोधात घालवण्यापेक्षा होडी पाण्यात उतरवावी, हा या भूमिकेतला आग्रह समजण्याजोगा आहे.

दुसरी भूमिका शर्यतीच्या आणि विनिमयाच्या जगातली आहे. ब्रिटनमध्ये १९५०च्या दशकापासून रुजलेल्या पोर्ट्समथ यार्डस्टिकसारख्या तुलनांक-पद्धतीत प्रत्येक वर्गाला एक अंक असतो आणि वर्ग निश्चित नसलेली होडी न्याय्य रीतीने मिश्र शर्यतीत घेता येत नाही. विमा, विक्री आणि सुटे भाग यांसाठीही वर्गाचे नाव लागते. या भूमिकेला निर्मात्याशी फारसे कर्तव्य नसते. आराखडा आणि नियम यांचे पालन झाले आहे काय, एवढेच ती पाहते.

तिसरी भूमिका इतिहासाच्या आणि संग्रहालयांच्या अभ्यासकांची आहे. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक जहाजांची राष्ट्रीय नोंद ३३ फुटांपेक्षा मोठ्या नौकांसाठी आहे. त्याहून लहान आणि पन्नास वर्षांपेक्षा जुन्या होड्यांसाठी कॉर्नवॉलमधील फाल्मथ येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने वेगळी नोंदवही ठेवली आहे. आता १९६० आणि १९७०च्या दशकांतील अनेक फायबरग्लास डिंग्याही या वयोमर्यादेत येत असल्याने, साध्या अनामिक होडीचाही निर्माता आणि काळ नोंदवणे हे युद्धोत्तर लोकजीवनाच्या इतिहासाचे काम आहे, असे या अभ्यासकांना वाटते. तिन्ही भूमिकांत विरोध दिसतो तो प्रश्न वेगवेगळे असल्यामुळे. पहिलीला आकार पुरतो, दुसरीला वर्ग लागतो आणि तिसरीला चारही उत्तरे हवी असतात.

८. मुंबई आणि कोकण किनाऱ्याचा संबंध

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मर्यादित, पण खरा आहे. मुंबईत शिडाच्या क्रीडानौकांची परंपरा जुनी असून रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६मध्ये झाली. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या, त्यांत एंटरप्राइज, फायरबॉल आणि ओके डिंगी हे वर्ग होते, आणि फायरबॉल प्रकारात फारुख तारापोर यांच्या संघाने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. ब्रिटन आणि डेन्मार्कमध्ये आखलेले हे वर्ग येथील खाडीत आणि बंदरात स्थिरावल्यामुळे, वर मांडलेले आकार आणि चिन्हांचे निकष इथल्या जुन्या होड्यांनाही लागू पडतात.

कोकणातील मच्छीमारांमध्ये फायबरच्या होड्यांचा वापर गेल्या काही दशकांत वाढला आहे. त्या क्रीडानौका नसल्या तरी त्यांच्या बाबतीत एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे: त्यांच्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक मालकी आणि परवाना दाखवतो, होडी कोणत्या साच्यातून निघाली हे तो सांगत नाही. जगभरातल्या डिंग्यांविषयीच्या चर्चेत नोंदणी क्रमांक आणि कवच-क्रमांक यांची जी गल्लत होते, तिचे हे जवळचे उदाहरण आहे.

९. अनिर्णित प्रश्न

अनेक छोट्या कारखान्यांच्या नोंदी त्यांच्याबरोबरच नाहीशा झाल्या, त्यामुळे ब्रिटनमधील १९९८पूर्वीच्या पट्ट्यांची आणि अनुक्रमांची कोणतीही पूर्ण सूची तयार होऊ शकलेली नाही. वर्गसंघटनांच्या नोंदी या कमतरतेची भरपाई फक्त मान्यताप्राप्त वर्गांपुरतीच करतात. जी होडी कोणत्याच वर्गात कधी नव्हती, म्हणजे एखाद्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेली साधी कौटुंबिक डिंगी, तिच्यासाठी जुन्या जाहिराती आणि विक्रीपत्रके यांखेरीज फारसा आधार उरत नाही.

साहित्याच्या प्रयोगशाळेतील परीक्षणाविषयीही मतभेद आहेत. अवरक्त किरणांच्या वर्णपटावरून रेझिनचा प्रकार ओळखता येतो आणि काचतंतूंच्या चटईची वीण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. पण अनेक कारखाने तेच रेझिन आणि त्याच चटया विकत घेत असल्याने या परीक्षणातून निर्माता ठरत नाही. याउलट साच्यातील दोषांच्या खुणा हा अधिक आशादायक मार्ग मानला जातो, कारण दोन कवचांवर एकाच जागी तीच बारीक उंचवट्याची रेषा दिसणे हा एकाच साच्याचा भक्कम पुरावा असतो. मात्र त्यासाठी तुलनेला निश्चित ओळख असलेली दुसरी होडी लागते आणि अशा तुलनेसाठी छायाचित्रांचे सुसंघटित संग्रह अद्याप विरळ आहेत. छायाचित्रांच्या संगणकीय तुलनेने हे काम जलद होईल, अशी अपेक्षा व्यक्त होते. परंतु नकलेची होडी आणि मूळ होडी दिसायला सारखीच असल्याने, प्रतिमेवरून मिळणारे उत्तर आराखड्यापर्यंत पोहोचते, निर्मात्यापर्यंत नाही, ही मर्यादा तंत्र बदलल्याने सुटत नाही.

शेवटचा प्रश्न पुराव्याच्या प्रमाणाचा आहे. किती लक्षणे जुळली म्हणजे ओळख पटली असे म्हणायचे, याचा सर्वमान्य मापदंड नाही. ‘बहुधा अमुक वर्ग’, ‘निश्चित अमुक वर्ग’ आणि ‘निश्चित अमुक वर्ग, निर्माता अज्ञात’ या तीन निष्कर्षांत मोठे अंतर आहे. पण होडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना पहिल्या निष्कर्षातील ‘बहुधा’ गळून पडतो आणि अंदाज हळूहळू वस्तुस्थिती बनतो.

१०. समारोप

उपलब्ध पुराव्यांचा क्रम लावायचा झाल्यास साच्यात उठवलेला किंवा कोरलेला क्रमांक सर्वांत वर ठेवावा लागतो, त्याखाली कवचाचा आकार आणि साच्यातच घडलेले भाग, त्याखाली डोलकाठी आणि स्थिर जोडसामान आणि सर्वांत शेवटी शीड. हा क्रम सहज वेगळे होणाऱ्या वस्तूंपेक्षा कवचापासून न सुटणाऱ्या गोष्टींना अधिक वजन देतो, आणि आढाव्यातील बहुतेक पद्धती, त्यांच्यातील मतभेद धरूनही, या तत्त्वावर एकमत दर्शवतात. ओळख जाहीर करताना ती चारांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि किती खात्रीचे आहे, हे स्पष्ट लिहिले, तर पुढच्या अभ्यासकाचे निम्मे काम झालेले असते. ज्यांच्या हाती अशी अनामिक होडी आहे त्यांनी घासकाम आणि रंगकाम सुरू करण्यापूर्वी ट्रान्सम, नाळ, सेंटरबोर्डची पेटी आणि डेकचा आतला भाग यांची स्वच्छ प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत, मापे फूट आणि मीटर अशा दोन्ही एककांत लिहून ठेवावीत, आणि काढलेली प्रत्येक पट्टी, ती निरर्थक वाटली तरी, होडीबरोबर जपून ठेवावी. कारण एकदा घासून गेलेला क्रमांक कोणत्याही संशोधनाने परत मिळत नाही.